तस्करीतून सुटलेल्या मुलांचे मानसिक पुनर्वसन

वेश्यावस्ती, जरीचे कारखाने, घरकाम किंवा भीक यांसाठी नेलेल्या १८ वर्षांखालील मुलांना सुटकेनंतर दिले जाणारे मानसिक साहाय्य. भारतात त्याची चौकट बाल न्याय अधिनियम, २०१५ आणि लैंगिक शोषण झाले असल्यास पॉक्सो कायदा, २०१२ यांनी ठरते.

सुटलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे (अशा मुलांच्या काळजीबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) आणावे लागते. मुलाच्या दृष्टीने मात्र छापा म्हणजे अटकच. पोलीस तुरुंगात टाकतील, हे घरवालीने (कुंटणखाना चालवणाऱ्या बाईने) किंवा मालकाने आधीच मनावर बिंबवलेले असते. त्यामुळे नाव, वय, गाव खोटे सांगितले जाते आणि कधी मूल मालकाचीच बाजू घेते. याची ‘खोटारडी’ अशी नोंद करणे ही बालगृहांतली जुनी चूक. खरे नाव कळायला कधी महिना लागतो.

पहिल्या दिवसांत समुपदेशनापेक्षा झोप, जेवण, स्वतःचे कपडे, रात्री मंद दिवा आणि ‘उद्या काय होणार’ याची साधी माहिती जास्त उपयोगी पडते. गुटखा, दारू वा गोळ्यांची सवय असेल तर ती सुटतानाची चिडचिड शिस्तभंग समजून शिक्षा करू नये. घडलेले सगळे एका बैठकीत बोलायला लावणे टाळावे. पोलीस, डॉक्टर, समिती, अधीक्षक असे प्रत्येकाने तेच विचारले की मूल गप्प होते किंवा पळते. बंगाली किंवा नेपाळी बोलणाऱ्या मुलीसाठी बालगृहातल्याच दुसऱ्या मुलीला दुभाषी करू नये. गुपित तिथेच फुटते.

आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचाराची (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे हळूहळू बदलणाऱ्या मानसोपचाराची) साधारण १२ ते १६ सत्रे होतात. आधी श्वसन, भावना ओळखणे, घाबरल्यावर भानावर येण्याच्या युक्त्या. प्रसंगाचे कथन त्यानंतर. पालकाचा सहभाग या पद्धतीचा कणा आहे. नातेवाइकानेच विकले असेल तर त्याच्या जागी बालगृहातली विश्वासू काळजीवाहक घ्यावी लागते. आत्महत्येचे विचार किंवा दीर्घ निद्रानाश असल्यास बालमनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे लांबवू नये.

पॉक्सोच्या खटल्यात मुलाची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून ३० दिवसांत नोंदवायची असते. ती लांबली की सावरलेल्या मुलाला पुन्हा दुःस्वप्ने पडू लागतात. साहाय्यक व्यक्तीने (खटल्यात मुलाला साथ देण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने) रिकामे न्यायालय आधी दाखवून आणावे. आरोपी मुलाला दिसणार नाही, अशी व्यवस्था करणे न्यायालयावर बंधनकारक आहे.

घरी पाठवण्याआधी घराची चौकशी नीट न केल्यास मूल पुन्हा विकले जाण्याचा धोका राहतो. अठरा पूर्ण झाल्यावर बालगृह सुटते आणि समुपदेशकही. अनुरक्षणाची (बालगृह सोडल्यानंतरच्या मदतीची) तरतूद २१ वर्षांपर्यंत असल्याने हा बदल काही महिने आधीच मुलाला सांगून, नव्या समुपदेशकाशी ओळख करून द्यावी.