संगीत व्हिडिओ गेम आणि प्रत्यक्ष वादन

वाद्याच्या आकाराचा कंट्रोलर हातात घेऊन, पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणांबरहुकूम गाणे वाजवण्याचा खेळ म्हणजे संगीत व्हिडिओ गेम. जपानी कंपनी कोनामीने १९९९ मध्ये तीन बटणांचा 'गिटार फ्रीक्स' आणला. जगभर लाट आली ती मात्र अमेरिकेतील हार्मोनिक्सने बनवलेल्या 'गिटार हीरो'मुळे (२००५).

या खेळातल्या गिटारीला तारा नसतात. दांड्यावर पाच रंगीत बटणे आणि तारा छेडण्याच्या जागी वर-खाली हलणारी एक पट्टी. एका हाताने बटण धरायचे आणि खूण रेषेवर पोचताच दुसऱ्या हाताने पट्टी हलवायची. ऐकू येणारा आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला असतो. ठोका चुकला की गिटार तेवढ्यापुरती गप्प होते आणि बाकीची वाद्ये चालू राहतात. बटणांचे स्वरही ठरलेले नसतात. हिरवे बटण एका ओळीत एक स्वर, तर पुढच्या ओळीत भलताच. त्यामुळे कितीही खेळले तरी स्वरस्थाने हाताखाली बसत नाहीत, तार ओढून स्वर चढवणे तर दूरच. लय मात्र पक्की होत जाते, दोन्ही हातांचा मेळ बसतो आणि गाण्याच्या गलक्यातून एकच वाद्य वेगळे ऐकण्याची कानाला सवय लागते. नवशिक्याच्या दृष्टीने ही कमाई मोठीच म्हणायला हवी.

ड्रमची गोष्ट निराळी. 'रॉक बँड'मध्ये (२००७) चार पॅड आणि पायाने दाबायचे पेडल असते. सर्वांत अवघड पातळीवर मूळ ड्रमवादकाचा ठेका जवळजवळ जसाच्या तसा वाजवावा लागतो. काठ्या खऱ्या, हातापायांची स्वतंत्र हालचालही खरी. म्हणून इथले कौशल्य खऱ्या ड्रमवर बरेचसे उपयोगी पडते. आघात हलका की जोरदार, याची मात्र गुणांत दखल नाही. गायनातही मायक्रोफोन स्वराची उंची मोजतो, पण सप्तक कोणतेही चालते.

'रॉक बँड ३'च्या (२०१०) एका गिटार कंट्रोलरवर सहा तारांसाठी, दांड्यावरच्या सतरा पडद्यांच्या (स्वरांच्या घरांच्या) जागी मिळून १०२ बटणे होती. यूबीसॉफ्टच्या 'रॉकस्मिथ'ने (२०११) खरी इलेक्ट्रिक गिटारच केबलने जोडली. खरी उणीव राहिली ती मनाने वाजवण्याची: ठरल्या खुणेबाहेर काही वाजवले की बहुतेक खेळांत ती चूक ठरते. 'रॉकस्मिथ २०१४'मधल्या सेशन मोडने ती बऱ्याच अंशी भरून काढली. त्यात वादक सुचेल ते वाजवतो आणि संगणकावरचा वाद्यवृंद त्याला साथ करतो.