बाळगुटी

तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवर, पोटफुगीवर आणि शौचाच्या तक्रारींवर सहाणेवर उगाळून चाटवायचे घरगुती औषध. महाराष्ट्रात तिला नुसते ‘गुटी’ही म्हणतात. बाळाला न्हाऊ घातल्यावर आईच्या दुधात किंवा उकळून गार केलेल्या पाण्यात एकेक काष्ठौषधी उगाळतात आणि ते गंध बोटाने चाटवतात किंवा बोंडल्याने पाजतात.

गुटीतल्या वस्तू घरोघरी बदलतात. वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ, अतिविष, जायफळ, मायफळ, काकडशिंगी, नागरमोथा, डिकेमाली, हळकुंड ही नेहमीची नावे. अंगी लागावे म्हणून बदाम-खारीकही उगाळतात. मायफळ हे फळ नव्हे आणि काकडशिंगी ही शेंगही नव्हे. दोन्ही कीटकांमुळे झाडावर येणाऱ्या गाठी. दोन्ही तुरट, म्हणून जुलाबावर. मुरडशेंग पिळलेल्या दोरीसारखी दिसते. पोटातल्या मुरड्यावर ती निवडली जाण्यात या रूपाचाही हात असावा.

गुटीचे माप म्हणजे सहाणेवरचा वेढा, उगाळण्याची एक गोल फेरी. सुरुवातीला प्रत्येकाचा एकच, पुढे बाळ वाढेल तसे वाढवत नेतात. खडा झाला तर हिरड्याचा वेढा जास्त, पातळ होत असेल तर तो वगळून जायफळ-मायफळ. हे सारे आजीच्या नजरेवर चालते, आणि गुटीची खरी अडचणही हीच: हात किती जड पडला, मुळी किती जुनी, यावर मात्रा बदलते. जायफळ जास्त झाले तर बाळ नको इतके गुंगते. वेखंडातल्या बीटा-ॲसरोन या घातक घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे.

पोटात न देता करायचे उपाय तुलनेने निर्धोक: बेंबीभोवती हिंगाचा लेप, तव्यावर कोमट केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक (आधी आपल्या मनगटावर लावून पाहावा). मेळघाटातला ‘डंबा’, म्हणजे फुगलेल्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देणे, ही मात्र निव्वळ इजा आहे.

निरोगी बाळाचे संध्याकाळचे किंचाळून रडणे साधारण सहाव्या आठवड्यात टिपेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. गुटीला मिळणारे बरेचसे श्रेय खरे तर या वेळापत्रकाचे. बाटलीतल्या ग्राइप वॉटरचेही तेच. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात निघालेल्या त्याच्या मूळ पाठात शेपांचे तेल, सोडा, साखर आणि चक्क मद्यार्क होता.

सहा महिने फक्त अंगावरचे दूध, असा आजचा वैद्यकीय सल्ला आहे. त्यात गुटी बसत नाही. वर्षाच्या आत मधातून तर काहीच चाटवू नये, बोट्युलिझम या जिवाणूजन्य विषबाधेचा धोका असतो. हिरवी उलटी, शीतून रक्त, ताप, टणक फुगलेले पोट किंवा दूध ओढणे बंद, यांपैकी काहीही दिसले तर सहाण बाजूला ठेवून बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे.