पायात पुरलेली पदके : पोपच्या वास्तुपदकांची पार्श्वभूमी

१८ एप्रिल १५०६ रोजी पोप ज्युलियस दुसरे रोममध्ये एका खोल खड्ड्यात उतरले. सेंट पीटर्सच्या नव्या चर्चमधल्या पहिल्या प्रचंड खांबाचा पाया तिथे घातला जायचा होता. कोनशिलेबरोबर मातीच्या भांड्यात घालून काही पदकेही पायात ठेवली गेली. त्या प्रसंगासाठी केलेल्या पदकाच्या प्रती आज मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. पोपच्या वास्तुपदकांचा, म्हणजे इमारतींची चित्रे असलेल्या पदकांचा, संग्रह करू पाहणाऱ्याने सुरुवात याच पदकापासून करावी, असे मला वाटते.

साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास व्यासाचे हे पदक मिलानच्या परंपरेतला सोनार कारादोस्सो याच्या नावावर आहे. एका बाजूला ज्युलियस, बिनदाढीचे आणि धर्मविधीचा झगा पांघरलेले. त्यांची दाढीतली ओळखीची छबी नंतरच्या वर्षांतली. मागच्या बाजूला चर्च. मध्ये स्तंभांच्या वर्तुळावर टेकलेला बसका अर्धगोल घुमट, त्याच्या दोन्ही अंगांना छोटे घुमट, दोन टोकांना उंच मनोरे, पुढे स्तंभांचा द्वारमंडप. कडेने लॅटिन अक्षरे : तेम्प्ली पेत्री इन्स्ताउरात्सिओ, म्हणजे पीटरच्या मंदिराची पुनर्उभारणी.

असे चर्च प्रत्यक्षात कधीच उभे राहिले नाही. ज्युलियस १५१३ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी या चर्चचा वास्तुशिल्पी ब्रामांतेही गेला. राफाएल, आंतोनियो दा सांगाल्लो, मग मायकेलअँजेलो अशा एकेका हाताखाली आराखडा बदलत गेला. घुमट पुरा व्हायला १५९० उजाडले, आणि तो मायकेलअँजेलोच्या कल्पनेतून जाकोमो देल्ला पोर्ताने चढवलेला उंच घुमट होता. ब्रामांतेच्या हातचा चर्मपत्रावरचा तलविन्यास (जमिनीवरचा नकाशा) फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे, पण तोही अर्धाच. ही इमारत समोरून कशी दिसावी असे त्याच्या मनात होते, याचा सर्वात महत्त्वाचा पुरावा म्हणजे हे पदक.

वास्तुपदकांची खरी किंमत इथे आहे. ती बहुधा पायाभरणीच्या वेळी, इमारत उभी राहण्याआधी केली जात. त्यामुळे काय बांधले गेले यापेक्षा काय बांधायचे ठरले होते, ते त्यांच्यावर सापडते.

पायात पदके ठेवण्याचा हा रिवाज ज्युलियसनी सुरू केलेला नाही. आपल्याकडे पायाभरणीला नाणे ठेवतात ते शुभ म्हणून. रोममध्ये पंधराव्या शतकात हे सुरू झाले त्यामागे मात्र प्राचीन नाण्यांचा नाद होता. व्हेनिसचे पिएत्रो बार्बो, म्हणजे पुढे १४६४ मध्ये पोप झालेले पॉल दुसरे, हे प्राचीन नाणी आणि कोरीव रत्ने यांचे मोठे संग्राहक. सम्राट टायटसच्या नाण्यावर कोलोसियम आहे, नीरोच्या नाण्यावर जेनसचे देऊळ आहे, हे अशा संग्राहकाच्या रोजच्या पाहण्यातले. देवळे ढासळली तरी त्यांची रूपे नाण्यांवर टिकली होती, आणि आपली वास्तूही तशीच टिकावी असे बार्बोंना वाटले यात नवल नाही. कार्डिनल (पोपखालोखालचे धर्माधिकारी) असतानाच त्यांनी आज पालाझ्झो व्हेनेझिया म्हणून ओळखला जाणारा वाडा बांधायला घेतला. त्याच्या पदकावर १४५५ हे वर्ष आहे. पुढे वाड्याची दुरुस्ती निघाली तेव्हा भिंतींत मातीची भांडी सापडली आणि त्यांत ही पदके होती.

हा प्रकार सगळ्यांना रुचला नव्हता. पोपांची चरित्रे लिहिणाऱ्या प्लातिनाने पॉल दुसऱ्यांवर ठपका ठेवला आहे : हे पायात स्वतःची छबी असलेली सोन्याची, चांदीची, ब्राँझची पदके ठेवत, आणि यात त्यांनी कित्ता गिरवला तो प्राचीनांचा, पीटर आणि लायनस या पहिल्या पोपांचा नव्हे. प्लातिनाला याच पोपनी तुरुंगात टाकले होते, हे वाचताना लक्षात ठेवायला हवे. तरी मुद्दा नेमका आहे. धर्मगुरूने सम्राटांसारखे स्मारक मागे ठेवावे का, हा प्रश्न त्या काळीच विचारला गेला होता. उत्तर मात्र कृतीनेच मिळाले. पुढचे पोप सिक्स्टस चौथे यांनी १४७३ मध्ये तीबर नदीवरच्या पुलाच्या पायात पदके ठेवली. तो पूल आजही पोंते सिस्तो म्हणूनच ओळखला जातो.

सुरुवातीची पदके ओतीव होती. सोळाव्या शतकात स्क्रू प्रेस, म्हणजे मळसूत्राने दाब देणारे यंत्र, आला, पोलादी ठशांनी पदके पाडता येऊ लागली आणि एकाच पदकाच्या पुष्कळ प्रती निघू लागल्या. पॉल पाचवे १६०५ मध्ये गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीपासून वार्षिक पदकाची प्रथा रुळली. २९ जून हा संत पीटर आणि पॉल यांचा सण. त्या सुमाराला सोने, चांदी आणि ब्राँझमधले नवे पदक निघे आणि कार्डिनल, दूत, मानकरी यांना दिले जाई. वर्षाला एक विषय लागायचा, आणि रोमभर बांधकामे चालली असताना इमारतीसारखा हाताशी असलेला विषय दुसरा नव्हता. वास्तुशिल्पी कार्लो मादेर्नोने सेंट पीटर्सला दिलेल्या दर्शनी भिंतीचे पॉल पाचव्यांचे एक पदक मुद्दाम पाहावे. त्यावर दोन टोकांना घंटामनोरे आहेत. ते कधीच पुरे झाले नाहीत. पुढे शिल्पकार आणि वास्तुशिल्पी बेर्निनीने एका टोकाला मनोरा उभारायला घेतला, पण भिंतीला तडे गेले आणि १६४६ मध्ये तो उतरवावा लागला.

माझ्या मते या साऱ्या परंपरेचा कळस पोप अलेक्झांडर सातव्यांच्या काळात आहे. २८ ऑगस्ट १६५७ रोजी सेंट पीटर्ससमोरच्या चौकातल्या, बेर्निनीने आखलेल्या स्तंभमालिकेची पायाभरणी झाली. गास्पारे मोरोनेने केलेल्या पदकांवर स्तोत्रातली ओळ आहे : त्याचा पाया पवित्र पर्वतांवर आहे. चौक वरून, पक्ष्याला दिसावा तसा दाखवला आहे, म्हणून सगळी मांडणी एका नजरेत येते. दोन वक्र बाहू ओळखीचे आहेतच, पण चौकाच्या तोंडाशी एक तिसरा, तुटक भागही दिसतो. पाहुणा अरुंद गल्लीतून यावा, या तिसऱ्या बाहूच्या कडेने आत शिरावा आणि मग एकदम सगळा चौक समोर उघडावा, असा बेर्निनीचा बेत होता. १६६७ मध्ये पोप वारले आणि तो भाग राहूनच गेला. विसाव्या शतकात समोरची वस्ती पाडून रुंद सरळ रस्ता काढला गेला. आज दुरूनच दिसणारे चर्च पाहून हीच मूळ कल्पना असे समजणाऱ्याला हे पदक दाखवावे.

ही पदके इमारतींचा दस्तऐवज आहेत हे जेसुइट या ख्रिस्ती धर्मसंघातले विद्वान फिलिप्पो बोनान्नी यांनी फार लवकर ओळखले. १६९६ मध्ये त्यांनी सेंट पीटर्सच्या बांधकामाचा इतिहास पदकांच्या आधारे मांडला. त्यानंतर तीनच वर्षांनी पोपांच्या पदकांचा त्यांचा दोन खंडांतला ग्रंथ आला, आणि संग्राहक अजूनही त्याचा हवाला देतात.

संग्राहकाची मोठी अडचण हामेरानी घराण्यापाशी सुरू होते. मूळचे बव्हेरियाकडचे हे घराणे सतराव्या आणि अठराव्या शतकांत पिढ्यान्‌पिढ्या पोपसाठी ठसे कोरत होते. त्यांनी जपलेले ठसे पुढे पोपच्या टाकसाळीकडे गेले आणि एकोणिसाव्या शतकात त्यांवरून पुन्हा पदके पाडून विकली गेली. त्यामुळे बाजारात १६५७ चे म्हणून आलेले पदक दोनशे वर्षांनंतरचेही असू शकते. ठशावर गंज चढला असेल तर सपाट जागी बारीक पुटकुळ्या उमटतात, ठशाला तडा गेला असेल तर पदकावर उंचावलेली रेघ येते. कधी एका वर्षाच्या छबीला दुसऱ्याच वर्षाची मागची बाजू जोडलेली असते. ओतीव पदकांचे निराळे : मूळ पदकावरून साचा घेऊन पुन्हा ओतलेली प्रत धातू आकसल्यामुळे किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. म्हणून व्यास मोजून नोंदलेल्या मापाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

तरीही पुन्हा पाडलेल्या पदकांना कमी लेखू नये. ज्याला मूळ वस्तू हवी आहे त्याने जुनीच शोधावी आणि तिची किंमत द्यावी. पण ज्याला बेर्निनीचा तिसरा बाहू पाहायचा आहे, त्याला त्याच ठशावरून नंतर पाडलेले पदकही तेवढेच दाखवते.