चाचणी मतांची, अंदाज जागांचा

विधिमंडळाची निवडणूक जवळ आली की जनमत चाचण्यांचे आकडे धडाधड येऊ लागतात. अमुक पक्षाला इतक्या जागा, तमुक पक्ष बहुमताच्या उंबरठ्यावर. खरं तर चाचणीत जागा कुणी मोजतच नाही. लोकांना विचारलं जातं ते मत कुणाला देणार एवढंच. त्या मतांवरून जागा काढणं हे वेगळंच गणित आहे, आणि माझ्या मते वाचकाने सर्वांत सावध राहायला हवं ते तिथे.

मतांचा भाग त्यामानाने पक्का असतो. १,००० जणांचा नमुना नीट निवडला, तर १०० पैकी ९५ वेळा उत्तर खऱ्या आकड्याच्या साधारण ३ टक्के अलीकडे-पलीकडे येतं. मतदार एक कोटी असोत वा शंभर कोटी, यात फारसा फरक पडत नाही. पटायला जड जातं, पण हे खरं आहे. मात्र ही ३ टक्क्यांची चूक एकेका पक्षाच्या मतांमधली. दोन पक्षांमधल्या अंतरात ती जवळपास दुप्पट होऊ शकते. त्यामुळे ‘४० विरुद्ध ३७’ एवढ्यावरून कोण पुढे आहे, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय काठावरचे मतदार आणि घरीच बसणारे मतदार असतातच.

आता जागा. ब्रिटनमध्ये २०२४ साली लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतं मिळाली आणि ६५० पैकी ४११ जागा. रिफॉर्म यूकेला १४.३ टक्के मतांवर फक्त ५, तर लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के मतांवर ७२! एकाची मतं देशभर विखुरलेली, दुसऱ्याची ठरावीक मतदारसंघांत एकवटलेली. मतं कुठे पडणार, हे १,००० जणांच्या नमुन्यातून कसं कळणार? एवढ्या मतदारसंघांत तो वाटला, तर प्रत्येकी दोन माणसंही येत नाहीत.

मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीत हा हिशेब बराच सरळ होतो, पण तिथेही कडा असते. जर्मनीत संसदेत यायला सर्वसाधारणपणे ५ टक्के मतं लागतात. २०२५ मध्ये बीएसडब्ल्यू हा पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला आणि त्याच्या हाती एकही जागा लागली नाही. तो आत आला असता, तर निकालानंतर बनलेल्या आघाडी सरकारकडे बहुमतच उरलं नसतं. ४.९८ आणि ५ यांतला फरक टिपेल अशी जनमत चाचणी नाही.