यादीतील समांतर रचना: वक्तृत्वाच्या अलंकारापासून परीक्षेतील प्रश्नापर्यंत

इंग्रजी व्याकरणाच्या बहुपर्यायी परीक्षांमध्ये एक प्रश्न ठरावीक रूपात पुन्हा पुन्हा येतो. वाक्यात तीन गोष्टींची यादी असते, त्यांतील दोन एका घडणीच्या असतात, तिसरी वेगळ्या घडणीची असते आणि उमेदवाराने तो बिघाड ओळखून दुरुस्त करायचा असतो. ‘शी लाइक्स स्विमिंग, सायकलिंग अँड टू रीड’ हे त्याचे सर्वांत साधे रूप आहे: पहिली दोन पदे धातुसाधित नामे आहेत आणि तिसरे ‘टू’ लावलेले क्रियापद आहे. यावर ‘तिन्हींना आयएनजी लावा’ असा तोडगा सर्रास सांगितला जातो आणि सोप्या प्रश्नाला तो पुरतोही. पण यादीतील सर्व पदे एकाच घडणीची असावीत, हा समांतर रचनेचा नियम कोठून आला, तो परीक्षेत का शिरला आणि शिरताना त्याचा कोणता भाग गळून पडला, हे समजल्याशिवाय अवघड प्रश्नातील यादी नीट वाचता येत नाही, असे माझे मत आहे.

हा दोष इंग्रजीपुरता मर्यादित नाही. ‘डॉक्टरांनी त्याला वेळेवर जेवणे, पुरेशी झोप आणि रोज चालावे असे सांगितले’ हे वाक्य मराठी कानालाही खटकते, कारण ‘असे सांगितले’ या शेवटाशी फक्त ‘चालावे’ जुळते आणि ‘जेवणे’ व ‘झोप’ ही दोन्ही नामे अधांतरी राहतात. ‘वेळेवर जेवावे, पुरेसे झोपावे आणि रोज चालावे’ असे केले की तिन्ही पदे एका आधारावर उभी राहतात. फरक एवढाच की मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे यादीचा सामाईक आधार बहुधा यादीनंतर सापडतो, तर इंग्रजीत तो यादीच्या आधी येऊन जातो. म्हणून इंग्रजी वाक्य वाचताना यादी सुरू होण्यापूर्वीच तो आधार मनात धरून ठेवावा लागतो, आणि मराठी वाचकाची चूक बहुतेक वेळा येथेच होते.

या नियमाचे मूळ शोधू गेल्यास दोन वेगळे प्रवाह दिसतात: एक वक्तृत्वशास्त्राचा आणि दुसरा व्याकरणाचा. पहिला प्रवाह अधिक जुना आहे. इ. स. पूर्व ४२७ मध्ये सिसिलीतील लिऑन्टिनी नगराचा दूत म्हणून अथेन्सला आलेल्या गॉर्जियसच्या भाषणांनी तेथील श्रोते भारावून गेले, आणि समान लांबीचे वाक्यखंड, विरोधी पदांच्या जोड्या व सारखे शेवट ही त्याच्या शैलीची ओळख ठरली. पुढे ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावरील ग्रंथाच्या तिसऱ्या भागात समान लांबीचे खंड आणि सारख्या ध्वनींचे खंड यांना स्वतंत्र नावे देऊन त्यांची चर्चा केली. इ. स. पूर्व पहिल्या शतकात लिहिल्या गेलेल्या, हेरेनियस नावाच्या व्यक्तीला उद्देशून असलेल्या लॅटिन वक्तृत्वग्रंथाने, ज्याचा कर्ता आजही निश्चित नाही, या अलंकाराची व्याख्या जवळजवळ सारख्या अक्षरसंख्येचे वाक्यखंड अशी केली आणि लगेच बजावले की ही अक्षरे मोजत बसणे पोरकटपणाचे आहे, सरावाने ती जुळणी आपोआप साधली पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीची ही सूचना मला फार मोलाची वाटते, कारण परीक्षेच्या तयारीत नेमके हेच घडते: यादीतील पदांची लांबी आणि शेवट मोजले जातात, त्यांचे नाते पाहिले जात नाही.

दुसरा प्रवाह लॅटिन व्याकरणाच्या शाळांतून आला. उभयान्वयी अव्यये समान विभक्ती, क्रियापदांचे समान अर्थ (आज्ञार्थ, विध्यर्थ यांसारखे) आणि समान काळ यांना जोडतात, हा नियम लॅटिन शिकणाऱ्या मुलांकडून पाठ करून घेतला जात असे, आणि इंग्रजीचे व्याकरण लॅटिनच्या साच्यात लिहिले गेले तेव्हा तो जसाच्या तसा तिकडे गेला. १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि नंतर असंख्य आवृत्त्यांतून पसरलेल्या लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणात तो वाक्यरचनेचा एक क्रमांकित नियम म्हणून आढळतो. येथे सौंदर्याचा काही संबंध नव्हता, कारण प्रश्न शुद्ध-अशुद्धतेचा होता. जे वक्त्याला शोभा म्हणून हवे होते ते विद्यार्थ्याला बंधन म्हणून लागू झाले.

हे दोन्ही प्रवाह रॉबर्ट लोथ या एका विद्वानाच्या आयुष्यात शेजारी शेजारी वाहताना दिसतात. ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक असताना त्यांनी हिब्रू काव्यावर लॅटिनमध्ये दिलेली व्याख्याने १७५३ मध्ये ग्रंथरूपाने आली, आणि त्यांत त्यांनी एका ओळीचा आशय दुसऱ्या ओळीत सारख्या घडणीने परत येण्याच्या पद्धतीला ‘अवयवांची समांतरता’ असे नाव दिले. भूमितीतील शब्द साहित्यविचारात रुळला तो मुख्यतः या ग्रंथामुळे. त्याच लोथ यांनी १७६२ मध्ये इंग्रजी व्याकरणाची एक छोटी पुस्तिका काढली आणि तळटीपांमध्ये नामवंत लेखकांच्या चुका दाखवून दिल्या. चूक दाखवून नियम शिकवण्याची ही पद्धत त्या काळी जोर धरत होती. ॲन फिशर या शिक्षिकेने अठराव्या शतकाच्या मध्याला आपल्या व्याकरणात मुद्दाम बिघडवलेली वाक्ये दुरुस्तीसाठी दिली होती, आणि मरे यांनी १७९७ मध्ये अशाच वाक्यांचे स्वतंत्र अभ्यासपुस्तक व त्याची उत्तरसूची प्रसिद्ध केली. आजच्या ‘अधोरेखित भागातील चूक ओळखा’ या प्रश्नाचे पूर्वज हेच स्वाध्याय आहेत.

एकोणिसाव्या शतकात नियमाला आजचे रूप मिळू लागले. ॲबर्डीन येथील तर्कशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी १८६६ च्या रचनाविषयक पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून देताना सांगितले की लागोपाठची वाक्ये एकच विचार पुढे नेत असतील तर ती शक्यतो सारख्या घडणीची असावीत. त्यानंतर १८७४ पासून हार्वर्डने प्रवेशासाठी इंग्रजी निबंधाची परीक्षा घेण्यास सुरुवात केली. हजारो निबंध तपासायचे तर दोष थोडक्यात दाखवता आले पाहिजेत, म्हणून क्रमांकित नियमांची हस्तपुस्तके आली आणि शिक्षक कागदाच्या समासात नियमाचा क्रमांक लिहू लागले. कॉर्नेल विद्यापीठातील विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी छापून घेतलेल्या लहानशा पुस्तकात हा नियम सर्वांत नेमकेपणाने मांडलेला आहे: समान दर्जाचे विचार समान रूपात मांडावेत. कारणही तेथेच दिलेले आहे, आणि ते असे की रूपातील साम्यामुळे वाचकाला आशयातील व कार्यातील साम्य चटकन ओळखता येते. त्याच पुस्तकात उपपदांविषयी एक बारीक सूचना आहे. ‘द फ्रेंच, द इटालियन्स, स्पॅनिश अँड पोर्च्युगीज’ ही यादी चुकीची आहे, कारण ‘द’ एक तर फक्त पहिल्या पदापूर्वी यावे किंवा प्रत्येक पदापूर्वी यावे. दोनदा देऊन पुढे सोडून देणे चालत नाही.

ही सूचना वरवर किरकोळ वाटते, पण यादीचे सारे मर्म तिच्यात आहे. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘इन ऑर्डर टू’ हे शब्द एकदाच येतात आणि त्यांच्यापुढे सहा क्रियापदे ओळीने उभी आहेत: ‘फॉर्म’, ‘एस्टॅब्लिश’, ‘इन्शुअर’, ‘प्रोव्हाइड’, ‘प्रमोट’ आणि ‘सिक्युअर’. प्रत्येक क्रियापदाचे कर्म वेगळ्या लांबीचे आहे, काहींना विशेषणे आहेत, काहींना नाहीत, तरी वाक्य कोठेही डळमळत नाही, कारण सहाही पदे त्या एका ‘टू’ला थेट जोडता येतात. त्यांतील तिसऱ्यापूर्वीच ‘टू’ पुन्हा घातला असता तर वाचक क्षणभर अडखळला असता आणि आपण नवीन हेतू वाचतो आहोत की जुनाच, असा त्याला प्रश्न पडला असता. ‘द मॅनेजर डिसायडेड टू कॅन्सल द मीटिंग, इन्फॉर्म द स्टाफ अँड टू बुक अ न्यू रूम’ या परीक्षेतल्या वळणाच्या वाक्यात नेमका हाच दोष आहे. ‘टू’ एकदा किंवा तीनदा, दोन्ही शुद्ध आहेत. दोनदा हे मात्र अशुद्ध आहे.

हा नियम निबंधातून बहुपर्यायी प्रश्नात कसा आला, याचे उत्तर तपासणीच्या व्यवहारात आहे. १९१५ च्या सुमारास कॅन्सासमध्ये फ्रेडरिक केली यांनी वाचनाच्या चाचणीसाठी एकच उत्तर बरोबर असलेले प्रश्न तयार केले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या, आणि जून १९२६ मध्ये एसएटी ही अमेरिकी महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा पहिल्यांदा झाली. तिच्यात इंग्रजी लेखनाच्या नियमांचा वेगळा भाग नव्हता. पुढे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीची टोफेल ही परीक्षा १९६४ मध्ये सुरू झाली आणि तिच्या रचनाविषयक विभागात चार अधोरेखित भागांतून चुकीचा भाग निवडण्याचा प्रश्न स्थिरावला. १९७४ मध्ये एसएटीच्या जोडीला प्रमाण लिखित इंग्रजीची तीस मिनिटांची चाचणी आली, आणि २००५ मध्ये खुद्द एसएटीत लेखनविभाग आला तेव्हा त्यातील ४९ बहुपर्यायी प्रश्नांपैकी बहुतेक वाक्यदुरुस्तीचे व चूक ओळखण्याचे होते. व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठीच्या जीमॅट परीक्षेतील वाक्यदुरुस्तीच्या प्रश्नांत तर समांतर रचना हा तयारीचा एक मुख्य विषयच होऊन बसला.

शैलीविषयी सांगितल्या जाणाऱ्या शेकडो गोष्टींपैकी हीच एक परीक्षेत इतकी रुजली, याला कारण आहे. वाक्य ओघवते आहे का, शब्द नेमका आहे का, यांवर दोन परीक्षकांचे दुमत होऊ शकते. ‘स्विमिंग, सायकलिंग अँड टू रीड’ यावर सहसा होत नाही. बरोबर उत्तराचा पुरावा वाक्यातच असतो, कारण यादीतील पहिली दोन पदे तिसऱ्याचे रूप ठरवून देतात. शिवाय हा दोष बोलीभेदावर अवलंबून नाही, त्यामुळे एखाद्या प्रदेशातील उमेदवाराच्या घरच्या बोलीला चूक ठरवण्याचा धोका येथे कमी राहतो. यंत्राने तपासायच्या प्रश्नाला याहून सोयीचा विषय मिळणे कठीण होते.

मात्र या सोयीची किंमत नियमाला मोजावी लागली. स्ट्रंक यांच्या मांडणीत रूपाचे साम्य हे आशयाच्या व कार्याच्या साम्यासाठी होते. परीक्षेच्या तयारीत उरले ते केवळ रूप. भाषाशास्त्राने हा प्रश्न नंतर बारकाईने तपासला आहे. इव्हान सॅग, जेराल्ड गॅझ्दार, थॉमस वॉसो आणि स्टीव्हन वाइसलर यांच्या १९८५ च्या निबंधातील ‘पॅट इज अ रिपब्लिकन अँड प्राउड ऑफ इट’ हे वाक्य प्रसिद्ध आहे. यात एक पद नामाचे आहे आणि दुसरे विशेषणाचे, तरीही वाक्य पूर्ण शुद्ध आहे, कारण दोन्ही पदे ‘इज’नंतर एकच काम करतात. याउलट लिन फ्रेझियर आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले की जोडलेल्या दोन खंडांची घडण सारखी असेल तर दुसरा खंड अधिक वेगाने वाचला जातो, म्हणजे स्ट्रंक यांनी दिलेले कारणही निराधार नव्हते. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील ‘लाइफ, लिबर्टी अँड द परसूट ऑफ हॅपिनेस’ या यादीत पहिली दोन पदे एकेरी शब्दांची आणि तिसरे चार शब्दांचे आहे. रूपे मोजणाऱ्याला ती विषम वाटेल, पण तिन्ही नामपदेच आहेत आणि यादी निर्दोष आहे.

केवळ शेवट जुळवणारा उमेदवार सर्वांत जास्त फसतो तो खोट्या यादीत. ‘द स्टॉर्म डॅमेज्ड द ब्रिज अँड फ्लडेड द रोड, स्टॉपिंग ऑल ट्रॅफिक’ या वाक्यात ‘डॅमेज्ड’ आणि ‘फ्लडेड’ ही जोडी आहे, आणि ‘स्टॉपिंग’ हे तिचे तिसरे पद नसून आधीच्या दोन्ही घटनांचा परिणाम सांगणारा खंड आहे. त्याचे ‘अँड स्टॉप्ड’ केले तर व्याकरण टिकते, पण वाहतूक वादळामुळे पडलेल्या पुलाने व पाण्याने थांबली हा संबंध पुसट होतो. म्हणून आधी जोडणारा शब्द शोधावा, मग यादीचा सामाईक आधार ठरवावा, आणि प्रत्येक पद त्या आधाराला एकेकटे लावून वाक्य पूर्ण होते का ते वाचून पाहावे. ‘नॉट ओन्ली’ आणि ‘बट ऑल्सो’ यांसारख्या जोडीने येणाऱ्या अव्ययांनाही हीच कसोटी लागू पडते: पहिल्याच्या लगेच पुढे ज्या प्रकारचे पद आहे, त्याच प्रकारचे पद दुसऱ्याच्या पुढे यावे लागते.

अलीकडे हे प्रश्न मोठ्या परीक्षांतून ओसरत आहेत. टोफेलच्या २००५ मध्ये आलेल्या इंटरनेट आवृत्तीत रचनेचा स्वतंत्र विभाग राहिला नाही, आणि २०२३ च्या अखेरीस आलेल्या जीमॅटच्या नव्या आवृत्तीतून वाक्यदुरुस्तीचे प्रश्न वगळले गेले. पण समांतर रचना प्रश्नपत्रिकेतून गेलेली नाही, कारण ती प्रश्न काढणाऱ्यालाही बांधून ठेवते. थॉमस हॅलाडायना आणि स्टीव्हन डाउनिंग यांनी १९८९ मध्ये बहुपर्यायी प्रश्नलेखनाच्या नियमांची जी मांडणी केली, तिच्यात सर्व पर्याय आशयाने एकजिनसी आणि व्याकरणाने सारख्या घडणीचे असावेत असाही नियम आहे. तीन पर्याय ‘टू’ने सुरू होत असतील आणि चौथा नामाने, किंवा प्रश्नाचे वाक्य ‘ॲन’ने संपत असेल आणि स्वराने सुरू होणारा पर्याय एकच असेल, तर विषयाचे काहीही ज्ञान नसलेला उमेदवार केवळ घडण पाहून उत्तर हेरतो.