‘चूज’: जिभेवरून आलेला शब्द

हातगाडीवरची द्राक्षे घेताना आपण घडातला एक मणी तोडून तोंडात टाकतो, गोडी पटली तर ‘अर्धा किलो द्या’ म्हणतो आणि नाही पटली तर पुढच्या गाडीकडे वळतो. चाखणे, पारखणे आणि निवडणे ही तिन्ही कामे इथे क्षणभरात उरकतात. निवडणे या अर्थाच्या ‘चूज’ या रोजच्या इंग्रजी शब्दाचा इतिहासही याच क्रमाने घडला आहे. फक्त त्याला काही हजार वर्षे लागली. हा शब्द मुळात चव घेण्याचा होता.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘चेओसान’ असे होते आणि तेव्हाही त्याचा अर्थ निवडणे असाच होता. त्याच्या मागची पायरी पाहायची तर गॉथिक या आता लुप्त झालेल्या भाषेकडे जावे लागते. इंग्रजी, जर्मन, डच यांच्या कुळातली ही भाषा चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे आपल्याला माहीत आहे. त्यात ‘किउसान’ म्हणजे पारखून पाहणे आणि त्याच धातूपासून बनलेले ‘काउस्यान’ म्हणजे चाखणे; मार्कच्या शुभवर्तमानात काही जण ‘मृत्यूची चव घेणार नाहीत’ असे जे वाक्य आहे, तिथे हाच शब्द आला आहे. लॅटिनमधला ‘गुस्तुस’, म्हणजे चव, हाही याच घरातला. किळस या अर्थाच्या ‘डिसगस्ट’मध्ये तो आजही ओळखता येतो.

‘गुस्तुस’ आणि ‘चूज’ यांचे नाते केवळ अर्थ जुळतो म्हणून ठरवलेले नाही. त्यामागे ध्वनिबदलाचा नियम आहे आणि जर्मन अभ्यासक याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये तो सविस्तर मांडला. त्यानुसार लॅटिन-ग्रीकमध्ये जिथे ‘ग’ टिकला, तिथे जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-गॉथिकच्या कुळातल्या, भाषांत ‘क’ आला. संस्कृतात त्यांपैकी पुष्कळ शब्दांत ‘ज’ दिसतो. गुडघ्याला संस्कृतात ‘जानु’, लॅटिनमध्ये ‘गेनु’ आणि इंग्रजीत ‘नी’ म्हणतात. जाणण्यासाठी संस्कृत धातू ‘ज्ञा’, ज्ञानासाठी ग्रीक शब्द ‘ग्नोसिस’ आणि जाणण्यासाठी इंग्रजी क्रियापद ‘नो’ अशी दुसरी साखळी आहे. शाळेत या दोन्ही इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग पाठ करताना सुरुवातीचा मुका ‘के’ आपल्याला छळतो. पण तो एके काळी खरोखर उच्चारला जात असे, आणि ग्रिमच्या नियमातला ‘क’ तो हाच. मला या साऱ्या पुराव्यात हा मुका ‘के’ सर्वांत बोलका वाटतो. ‘चूज’मध्ये मात्र हा ‘क’ पुढच्या स्वराच्या प्रभावाने इंग्रजीतच ‘च’ झाला.

मग या तिसऱ्या साखळीत संस्कृतातला ‘ज’ कुठे आहे? तो ‘जुष्’ या धातूत आहे. आवडणे, आनंदाने सेवन करणे, प्रसन्न होऊन स्वीकारणे असा त्याचा अर्थ. श्रीसूक्त म्हणणाऱ्या घरांत ‘श्रीर्मा देवी जुषताम्’ हे शब्द कानावर पडतात. श्रीदेवीने माझ्यावर प्रसन्न व्हावे, मला आपलेसे करावे, अशी ती प्रार्थना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कृष्ण अर्जुनाच्या खिन्नतेला ‘अनार्यजुष्ट’ म्हणतो, तिथेही हाच धातू आहे.

याउलट चोखणे या अर्थाचा संस्कृत ‘चूष्’ हा धातू ‘चूज’च्या फार जवळचा वाटतो आणि त्याचा संबंधही तोंडाशीच आहे, तरी या दोघांचे काही नाते नाही. इंग्रजीतला ‘च’ हा मूळच्या ‘ग’सारख्या ध्वनीपासून ‘क’च्या वाटेने आलेला आहे, ‘चूष्’मधल्या ‘च’ला ती वाट लागू पडत नाही. ऐकायला सारखे असलेले शब्द सख्खे असतीलच असे नाही, हे मनाशी घट्ट धरल्याशिवाय व्युत्पत्तीच्या वाटेला जाऊ नये.

खरे नाते अनेकदा अगदी अनोळखी चेहऱ्याचे निघते. आपण मराठीत सर्रास वापरतो तो फारसीतून आलेला ‘दोस्त’ हा शब्द ‘जुष्’चा आणि म्हणून ‘चूज’चाही नातलग आहे. संस्कृतातल्या या ‘ज’च्या जागी प्राचीन फारसीत ‘द’ येतो. ‘ज्ञा’चा फारसी भाऊ ‘नादान’मध्ये, म्हणजे ‘न जाणणाऱ्या’मध्ये, बसलेला आहे तो याच नियमाने. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस इराणचा सम्राट दारयवहू याने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरून घेतला, त्यात अहुरमज्द हा देव तुझा ‘दौश्ता’ होवो, असा आशीर्वाद आहे. दोस्त म्हणजे ज्याला आपण आवडतो, ज्याने आपल्याला पसंत केले आहे तो.

‘चूज’चे नाम असलेला ‘चॉइस’ हा शब्द थेट इंग्रजीच्या घरातला नाही. जुन्या इंग्रजीत निवडीला ‘क्यूरे’ म्हणत. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंचमधून ‘चॉइस’ आला आणि कालांतराने ‘क्यूरे’ मागे पडला. फ्रेंचांनी तरी तो शब्द जर्मानिक टोळ्यांच्या बोलीतूनच उचललेला होता, त्यामुळे इंग्रजीला आपल्याच कुळातला शब्द परक्या वेषात परत मिळाला. ‘क्यूरे’मधला ‘र’ नॉर्स, म्हणजे प्राचीन उत्तर युरोपातल्या, पुराणकथांतल्या ‘वाल्किरी’त टिकून आहे, रणात पडणाऱ्यांची निवड करणाऱ्या त्या देवता.

निवडण्यासाठी संस्कृताने वेगळाच धातू घेतला, तो म्हणजे ‘वृ’. त्यापासून ‘वर’, निवड या अर्थाचा ‘वरण’ आणि ‘स्वयंवर’ हे शब्द झाले. याचेही भाऊबंद युरोपात आहेत. जर्मनमध्ये मतदान करण्याला म्हणतात ते ‘वेलेन’ त्यांपैकीच. पण इंग्रजीत हा धातू इच्छेकडे वळला आणि ‘विल’ झाला. म्हणजे एकाच वडिलार्जित ठेव्यातून संस्कृताने चवीचा धातू आवडीसाठी आणि इच्छेचा धातू निवडीसाठी घेतला, तर इंग्रजीने चवीचा निवडीसाठी घेऊन इच्छेचा इच्छेसाठीच ठेवला. लग्नाच्या मांडवातला वर आणि वकिलाकडे करून ठेवलेले ‘विल’ हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत.