‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत

सातारा असो की कराड, ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला ‘दर्पण’ आणि १८३२ची आठवण निघते आणि पाठोपाठ एक वाक्य येतं: नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, चारी दिशांची खबर म्हणून ‘न्यूज’. शाळेतल्या सामान्यज्ञानाच्या वह्यांतही ते उतरलंय. पण ते खरं नाही.

‘न्यूज’ आला ‘न्यू’ या विशेषणातून. नव्या गोष्टी, एवढाच अर्थ. फ्रेंचमधला ‘नूव्हेल’ असाच घडलाय. शेवटचा ‘एस’ साउथचा नाही, अनेकवचनाचा आहे. म्हणून शेक्सपिअरच्या काळात ‘न्यूज आर’ही चालायचं. आज ‘न्यूज इज’च बरोबर, आणि एकच बातमी असेल तर ‘अ न्यूज’ नव्हे, ‘अ पीस ऑफ न्यूज’. मुलं अडखळतात ती इथे, तेव्हा दिशांऐवजी हे शिकवायला हवं.

शिवाय पूर्वी स्पेलिंग पक्कं नव्हतं. ‘डब्ल्यू’नंतर आणखी एक ‘ई’ घालूनही लिहीत. त्या जादा ‘ई’ला दिशांच्या हिशेबात जागाच नाही. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची रीत तर इंग्रजीत रुजली विसाव्या शतकात. ‘न्यूज’ त्याहून कित्येक शतकं जुना.